दोन्ही पाय काढलेली गाडी

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानात घालायचं नवं यंत्र तू टेबलाच्या खणात ठेवून दिलंस हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर कानांनी राजीनामा दिला, तर त्यांना दोष कसा द्यायचा? फोनवर मी ओरडतो आणि तू भलत्याच ठिकाणी ‘बरं बरं’ म्हणतोस, त्यापेक्षा हे टपाल शतपटीनं बरं.

आता मुद्द्याचं. लेकीकडे राहायला जाताना तू जी गाडी आमच्या गळ्यात बांधून गेलास, ती बोलायला लागली आहे. सरळ रस्त्यावर अगदी साध्वी असते. पण स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळलं की पुढच्या चाकापासून कटक्-कटक्-कटक् असा आवाज येतो. ऱ्हस्व, अघोष, आणि वेग वाढवला की द्रुत लयीत जाणारा. उजवीकडे वळताना डावं चाक बोलतं, डावीकडे वळताना उजवं. पण उजवं अजून थोडं भिडस्त आहे. चाकांच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस असं उडालंय, जसं काही कुणी शाईची दौत फिरवून फेकली.

चौकातल्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं गाडीचं वय विचारलं. मी सांगितल्यावर ते माझंच असल्यासारखा त्यानं माझा चेहरा न्याहाळला, आणि एवढ्या जुन्या गाडीला आपण हात लावत नाही, भंगारात द्या, असं सांगून मोकळा झाला.

एरवी मी दिलीही असती. पण दादा, ही गाडी माझी नाही, आमच्या नर्सबाईंची, म्हणजे तुझ्या भावजयीची आहे. वरच्या वस्तीत बस जात नाही हे तू जाणतोसच. तिथली अंथरुणाला खिळलेली माणसं, जखमांच्या पट्ट्या, बाळंतिणी, सगळं हिच्या फेरीवर चालतं. आता नव्या मेट्रनबाईंनी कळवलंय की मार्चच्या मध्यापासून नवी वाटणी. ज्यांच्याकडे धड गाडी आहे त्यांनाच वरची फेरी. नसेल त्यांना आरोग्य केंद्रातली नोंदणीची खुर्ची. उत्तर महिनाअखेर द्यायचं. खुर्ची नाकारली आणि ऐनवेळी गाडीही नसली, तर मग सक्तीची रजा आणि घरी बसणं. परवा घरातल्याच एका खुर्चीकडे हिनं असं पाहिलं की मी ती उचलून आतल्या खोलीत ठेवली.

तेव्हा सांग, या आवाजाचा अर्थ काय आणि उपाय काय. उपाय करणारा मी आहे हे ध्यानात ठेवून सांग.

तुझ्या रागासकट लोभ हवा आहे.
तुझा,
पंडित


९ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

ऱ्हस्व, अघोष वगैरे डोक्यावरून गेलं. वळताना वाजतं आणि वेगाबरोबर वाढतं एवढं कळलं, तेवढं पुरे. एक्सल गेले आहेत. दोन्ही.

तुला समजेल असं सांगतो. आपल्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. गिअरबॉक्समधून दोन बाजूंना दोन दांडे निघतात आणि चाकांपर्यंत जातात, ते एक्सल. चाक वळतं, वरखाली होतं, तरी दांडा फिरत राहायला हवा, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखे जॉइंट असतात. जॉइंटवर रबरी मोजा, आत ग्रीस. तुझा मोजा फाटला, ग्रीस उडालं, आत खडी-माती गेली. आता मनगटातल्या गोळ्या वाजताहेत. आज वाजताहेत, उद्या चढावर फुटतील, आणि नर्सबाई तिथे एकटी असेल. चालढकल नको.

जॉइंट उघडून बसू नकोस, तो तुझा प्रांत नाही. आख्खे एक्सल बदल. पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल सांगून डावा आणि उजवा, दोन्ही मागव. उजवा लांब असतो, डावा आखूड. चूक झाली समजून परत पाठवू नकोस.

चाकाच्या मधोमध एक मोठा नट आहे. तो गाडी जमिनीवर असताना सैल करायचा, चाक हवेत गेल्यावर नाही. ते नुसतं फिरत राहील. नर्सबाईला ब्रेकवर बसव. पान्याला लांब पाइप लाव. मग गाडी उचल, खाली घोड्या, म्हणजे आधाराच्या लोखंडी तिवया, लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरलास तर तुझं श्राद्ध करायला मी येणार नाही. गिअरबॉक्सचं तेल आधी काढून घे. चाकाजवळचा खालचा सांधा सोडवला की बाहेरचं टोक निघतं. आतलं टोक सळईनं हलकेच उचकायचं. राग काढायचा नाही.

पार्ट यायला वेळ लागेल. पुढचं त्याआधी लिहितो. घाई करू नकोस.

तब्येतीस जपणे. लोभ गृहीत धरणे.
दादा


१७ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

इकडे लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणे होते, म्हणून उशीर. मागच्या पत्रात राहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी लिहितो.

एका वेळी एकच एक्सल काढायचा. डावा काढला की नवा डावा बसवायचा, मगच उजव्याला हात लावायचा. कारण गिअरबॉक्सच्या आत दोन लहान गिअर समोरासमोर असतात आणि एक्सलची टोकं त्यांत घुसलेली असतात. एक दांडा जागेवर असला की ते नीट राहतात. दोन्ही काढलेस तर त्यांना धरायला कुणी उरत नाही. ते फिरतात, खाली सरकतात. मग नवा एक्सल आत जातच नाही, आणि आख्खा गिअरबॉक्स उतरवून खोलायची वेळ येते. ते काम तुझ्या शेडमध्ये होणार नाही.

नव्या दांड्याच्या टोकाला तारेची बारीक कडी असते. तो पूर्ण बसला की खट् असं हाताला कळतं. ऐकायचं नाही, हातानं ओळखायचं. मी आयुष्यभर तेच केलं.

पार्ट आले की कळव.

आशीर्वाद आहेतच, पान्यावर पकड ठेवणे.
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी! पार्ट अपेक्षेच्या कितीतरी आधी आले. तुझं दुसरं पत्र अजून यायचंय, पण रविवार रिकामा होता आणि अंगात स्फुरण होतं, म्हणून आरंभ केला.

मोठ्या नटाचा प्रसंग तू पाहायला हवा होतास. नर्सबाई ब्रेकवर दोन्ही पाय रोवून बसल्या. मी पान्याला कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप जोडला आणि त्याच्यावर उभा राहिलो. काहीच झालं नाही. तेव्हा खिडकीतून डोकं काढून ही म्हणाली की पेशंट दगावलाय की अजून धुगधुगी आहे? मी उडी मारली. नट सुटला आणि मी खाली बसलो, तोही तुझ्या जुन्या तेलाच्या डब्यावर. डबा आता चपटा आहे. मी जवळजवळ पूर्वीसारखा आहे.

पुढचं मात्र सुरळीत झालं. घोड्या लावल्या, तेल काढलं (वास शाळेतल्या जुन्या कपाटासारखा), खालचा सांधा सोडवला, आणि सळईनं अगदी मृदू हातानं डावा एक्सल बाहेर घेतला. त्याच ओघात उजवाही. दोन्ही आता शेडमध्ये वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी पहुडलेत. वर्गात मी मुलांना हेच शिकवतो: श्लोक लावताना आधी सगळा पदच्छेद करा, शब्दन्शब्द सुटा करून मांडा, मगच अन्वयाला हात घाला. अर्धं तोडलं, अर्धं जोडलं, पुन्हा अर्धं तोडलं, अशानं अर्थ हाती लागत नाही. या शिस्तीचा गॅरेजमध्येही उपयोग होतो हे पाहून धन्य वाटलं.

उद्या शाळेतून आलो की जोडणी. ही तोवर दुधाच्या व्हॅनमधून वर जाते आहे. व्हॅनवाला तिला पुढे बसवतो आणि वाटभर स्वतःच्या पाठदुखीवर फुकट सल्ला घेतो.

विजयाच्या आदल्या दिवशीचा नमस्कार घ्यावा.
तुझा,
पंडित


२३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं सतरा तारखेचं पत्र परवा आलं. मी ते शेडमध्ये, दोन्ही बाजूंनी रिकाम्या झालेल्या गाडीशेजारी उभा राहून वाचलं. ‘एका वेळी एकच’ या शब्दांवर आलो आणि तिथल्याच टायरवर बसलो.

खरं म्हणजे अनिष्ट घडलंय हे त्याआधीच कळलं होतं. डावा एक्सल आत ढकलतो तर तो अर्ध्यावर अडतो. फिरवला, विनवला, उजवीकडून प्रयत्न केला, तिथेही तेच. टॉर्च लावून भोकातून पाहिलं तर आतला गिअर दाराच्या मध्यावर नाही, खाली घसरून मान वाकडी करून बसलाय. पत्र नसताना हात घालणारा मी, आणि तेही व्याकरणाच्या भरवशावर! विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. सध्या मी शेडमध्ये उभा असतो, ते त्यातलंच.

काल धीर सुटून तुझ्या लेकीला फोन लावला. तिनं तुला लिहून दाखवलं असावं, कारण परत येऊन ती एवढंच म्हणाली, की बाबा म्हणतात दांडा घाला. मला वाटलं तू संतापून माझ्याच पाठीत घालायला सांगतो आहेस, आणि ते मला रास्तही वाटलं. नीट विचारलं तर ती म्हणाली, कुठे, कसा, ते मला नाही कळत काका, बाबा पत्रानं कळवतील. मागून तुझा आवाज ऐकू येत होता. तू जहाजावर असल्यासारखा बोलत होतास.

रात्रीपासून हिला सांगायचं टाळत होतो. आज सकाळी सांगितलं, की गिअरबॉक्स उतरवावा लागला तर गाडी संपली, आणि ते माझ्यामुळे. महिनाअखेर येऊन ठेपली आहे, तेव्हा तू ती खुर्ची घेऊन टाक. तिनं ऐकून घेतलं. चहा संपवला, कप विसळला, माझ्या कानामागचं ग्रीस पदरानं पुसलं आणि कामाला गेली. मला वाटतं तिनं मनोमन खुर्ची स्वीकारली आहे. दादा, चिडली असती तर बरं झालं असतं.

पत्राची वाट पाहतो. रागावला असलास तरी पूर्ण लिही, मधलं काही गाळू नकोस.

लोभाला पात्र नसलेला,
पंडित


२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

यांचं पत्र आजच गेलंय, त्याच्या मागोमाग हेही येईल. ह्यांनी काय लिहिलं असेल ते मी न वाचता सांगते: स्वतःला शिव्या, त्यात थोडं संस्कृत, आणि शेवटी माझी काळजी.

चार दिवस हे शाळेतून येतात ते थेट शेडमध्ये. बसायला उशी नेली आहे. टॉर्च घेऊन त्या भोकात बघत बसतात, मी कधी लहान मुलाच्या कानात बघते तसे. परवा बाहेरून ऐकलं तर त्या गिअरची समजूत काढत होते. अगदी ‘अहो’ म्हणून.

आज सकाळी मला म्हणाले, तू खुर्ची घे. ते म्हणताना त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणून कप विसळायला उठले. दुपारी वस्तीतून उतरले ती तशीच मेट्रनकडे गेले आणि लेखी कळवून आले की मला खुर्ची नको, वरची फेरी मीच करणार. बाईंनी गाडीचं विचारलं. झालीच समजा, म्हणाले.

वेडेपणा केला म्हणाल. गाडी झाली नाही तर पंधरा तारखेपासून मी घरी, हे मला कळतं. पण खुर्ची घेतली असती तर हे जन्मभर तिच्याकडे बघून म्हणत राहिले असते की ही माझ्यामुळे. आणि खरं सांगू का, सबंध आयुष्यात ह्यांनी हात लावलेलं सगळ्यात अवजड यंत्र म्हणजे पेन्सिलीला टोक करायचं. तो माणूस माझ्यासाठी पाइपवर चढून उडी मारतो, त्याच्यावर मी पैज लावणार नाही तर कुणावर?

हे त्यांना सांगू नका. कळलं तर घाई करतील आणि आहे तेही बिघडेल. मुदत वाढवून मिळाली असं मी त्यांना सांगणार आहे. तुम्ही फक्त नीट, सावकाश, लहान मुलाला लिहावं तसं लिहा. चित्र काढलंत तर फारच बरं.

वहिनींच्या माघारी तुम्ही आमचं घर सांभाळलंत तशीच माया असू द्या. गोळ्या वेळेवर घ्याव्यात, ही विनंती नाही.
आपली,
धाकटी


२७ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

फोनवरून ओरडलो ते तुला नाही, लेकीला. ती ‘भोक’ला सारखं ‘छिद्र’ म्हणत होती.

आता नीट ऐक. माझ्या पहिल्या बोटीवर मीही एकदा दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या होत्या, आणि तिथे टपाल नव्हतं. तेव्हा रडगाणं बंद. गाडी संपलेली नाही.

झाडूचा लाकडी दांडा घे. एक्सलच्या टोकाहून किंचित बारीक हवा. हातभर कापून टोक चाकूनं गोल तास आणि कानस मार. कुसळ राहता कामा नये, आत तुटलं तर पंचाईत. स्वच्छ पुसून उजव्या भोकातून आत घाल. खाली बसलेला गिअर त्या टोकानं हळूच वर उचल आणि फिरव. टॉर्च डाव्या बाजूनं मारायला नर्सबाईला बसव. गिअर दाराच्या बरोबर मध्यावर आला की ती सांगेल. मग दांडा तिच्या हातात दे आणि तसाच धरून ठेवायला सांग. तू डावीकडे ये आणि डावा एक्सल आडवा, सरळ, न झुकवता आत सरकव. भोकाच्या तोंडाशी रबराची कडी आहे, तिला ओरखडा गेला तर तेल ठिबकेल. अडला तर जोर नाही. बाहेर काढ, गिअरच्या एका दात्याएवढं फिरव, पुन्हा घाल. दहादा अडेल. अकराव्यांदा घाल.

डावा खट् बसला की ओढून बघ. निघाला नाही तर बसला. मगच दांडा काढ आणि उजवा घाल. शेवटी तेल भर. चित्र मागे काढलं आहे. चित्रातला जाडा माणूस तू.

आणि एक. घाबरून काम करू नकोस, आणि कुणाच्या नशिबाचा विचार करत तर मुळीच नको. गाडीखाली असताना फक्त गाडी. बाहेर आल्यावर बायको आहे, शाळा आहे, मी आहे.

झाल्यावर सविस्तर लिही. मला इथे दुसरं काही काम नाही.

आशीर्वाद, आणि या वेळी घाईची परवानगी.
दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तार केली होती ती मिळाली असेलच. तारेत ‘बसले’ एवढंच होतं, आता सविस्तर.

तुझं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी झाडू कापला. चित्र भिंतीला टाचलं. जाडा माणूस तंतोतंत आहे. ही दांडा धरून एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. गिअर वर येतो आहे असं वाटे आणि पुन्हा बसकण मारे. हिनं टॉर्च दातात धरला आणि दोन्ही हातांनी दांडा असा काही फिरवला की मला त्या गिअरची दया आली. अवघड बाळंतपणं करणारा हात तो. मला नाही जमलं ते तिला जमलं. मध्यावर आला हे सांगायला तिला बोलता येईना, तेव्हा तिनं गाडीवर बुक्की मारली. मी एक्सल सरकवला. अडला, काढला, फिरवला. मोजले नाहीत, पण तू म्हणालास त्याहून जास्तच वेळा. आणि मग दादा, ती खट्! हातातून खांद्यापर्यंत आली. मी ओढलं. आला नाही. ही दातातला टॉर्च टाकून विचारत होती काय झालं, आणि मी पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो.

उजवा एका दमात बसला. तेल भरलं, चाकं चढवली. शाळेच्या मैदानावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून दोन्ही बाजूंना गोल गोल फेऱ्या मारल्या. काचा खाली करून कान लावून होतो. काही नाही. नुसतं इंजिन, आणि शेजारी नर्सबाई, आता चक्कर येते आहे, पुरे करा म्हणत.

पंधरापासूनही वरची फेरी तिच्याकडेच राहिली. गाडी घेऊन पहिल्यांदा सगळ्यात वरच्या घरी गेली होती, तर तिथल्या निवृत्त हेडबाईंनी पाय पट्टीसाठी पुढे करायच्या आधी झाप झाप झापलं. इतके दिवस व्हॅनमधून येत होतात तेव्हा मला पाच मिनिटं मिळायची, म्हणाल्या, हे काय सिस्टर, मी गोष्टी साठवून ठेवल्यात त्या कधी सांगायच्या? ही तासभर बसून आली.

आता जे लिहितो ते तुझ्या-माझ्यात. परवा वाचनालयात मेट्रनबाई भेटल्या. तुमच्या मिसेसचं कौतुक वाटतं, म्हणाल्या, बाकीच्या सगळ्यांनी महिनाअखेरपर्यंत घोळ घातला, ह्यांनी तेवीस तारखेलाच खुर्चीला नकार लिहून दिला. मुदत वाढवण्याबद्दल मी आभार मानायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मुदत कुणालाच वाढवून दिली नव्हती.

तेवीस तारीख. त्या दिवशी गाडीचे दोन्ही पाय वर्तमानपत्रावर होते, गिअर मान टाकून बसला होता, आणि मी तिला सकाळीच सांगितलं होतं की सगळं संपलं. मी शेडमध्ये हताश बसलो होतो तेव्हा ही बाई खाली जाऊन माझ्या नावावर नोकरी पणाला लावून आली! शाळेत, परीक्षेत, लग्नाच्या बाजारात, कुठेच माझ्यावर इतका भरवसा कुणी टाकला नव्हता. आणि जिथे टाकला तिथे तो टाकायला काडीचंही कारण नव्हतं.

तुला माहीत होतं का, असं मी विचारत नाही. तुझ्या पत्रात कुणाच्या नशिबाबद्दल एक वाक्य आहे, ते मी पुन्हा वाचलं. काय समजायचं ते समजलो.

तिला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. तिला वाटू दे की मला माहीत नाही. मात्र रोज संध्याकाळी ती आत गेली की गिअरबॉक्सखाली एक कोरा कागद सरकवून ठेवतो, आणि सकाळी तिच्या आधी उठून त्यावर तेलाचा थेंब पडलाय का ते काढून बघतो. आजचाही कोरा होता.

दोघांकडून नमस्कार. तुझा लोभ असाच गळत न राहता पोचत राहो.
तुझा,
पंडित